हळूबाईचा हंगाम

दुबेजींनी यंदाही मटार पाठवला. सिहोऱ्याहून सकाळच्या बसच्या टपावर टाकलेलं अर्धं पोतं, त्यावर निळ्या शाईनं माझं नाव आणि नावापुढे ‘बाबूजी’. शिवण उसवली आणि वास आला, दंवानं भिजलेल्या गोणपाटाचा आणि कच्च्या, गोडसर हिरव्याचा. मी शिवणीचा दोरा हातात धरून ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

जबलपुरात मटार आधी येतो, थंडी मागाहून. एका सकाळी ओमती बाजाराच्या तोंडाशी भर रस्त्यात हिरवे ढीग दिसतात, गाईंना हाकलता हाकलता भाजीवाले थकून जातात, आणि मग महिना-दोन महिने प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक ओट्यावर कुणीतरी उन्हाकडे पाठ करून शेंगा सोलत बसलेलं असतं. सोलणं हे अंगठ्याचं काम आहे. शेंगेच्या पोटावर अंगठा दाबायचा, ती टच्‌कन उघडते, मग त्याच अंगठ्यानं दाणे ओढून घ्यायचे. गेल्या हिवाळ्यात माझे दोन्ही अंगठे सुजले होते. सुनंदाला, माझ्या बायकोला, आधी वाटलं की मटारानंच. मग तिला खरं कारण कळलं आणि ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या हिवाळ्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी कॉम्प्युटरवरच्या एका लढाईच्या खेळात मार चुकवायला शिकत होतो. इराला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

इरा आमची एकुलती एक मुलगी. रिछाईतल्या एका छोट्या कारखान्यात ती गिअरबॉक्सची ड्रॉइंगं काढायची. तिशी नुकतीच ओलांडली होती. पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत ती गेली. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला सव्वा वर्ष लागलं आहे.

संध्याकाळी तिची स्कूटर अंगणात लागायची, चहा व्हायचा, आणि मग जेवणापर्यंत ती तिच्या खोलीत खेळायची. मी तो खेळ दारातून येताजाता पाहिलेला. तीन-चार मजली उंच लोखंडी यंत्रं, दोन पायांवर चालणारी, हातांच्या जागी तोफा. आत माणूस बसून ती चालवतो असं समजायचं. चौघांची एक टोळी, समोर दुसरी टोळी, भोवती ओसाड पडलेलं शहर, बारा मिनिटांचा डाव. इराचं यंत्र त्यात सगळ्यांत जड आणि सगळ्यांत मंद. लहानपणी ती एक पोळी अर्धा तास चघळायची म्हणून सुनंदा तिला हळूबाई म्हणायची. तेच नाव तिनं यंत्राला दिलं होतं, रोमन अक्षरांत. तिच्या टोळीतल्या हिंदी मंडळींना ‘ळ’ कुठला माहीत! सिहोऱ्याच्या दुबेजींनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘हलवाई’ करून टाकलं आणि पुढं तेच रुळलं. ‘हलवाई, आगे मत जाओ!’ ‘अरे कोई हलवाई को बचाओ!’ इरा हसून हसून लोळायची.

‘बाबा, ऐका ना. मी जलेबी तळून राहिले म्हणतात.’

मी वर्तमानपत्राआडून हूं म्हणायचो.

त्या खेळात एक सोय होती. आपल्या स्वतःच्या आवाजात चार हाका भरून ठेवता यायच्या. तीन हाका आपण कळ दाबली की सोबत्यांना ऐकू जात. त्या इरानं हिंदीत भरल्या होत्या. चौथी यंत्र आपली आपणच देई. डाव संपेपर्यंत यंत्र शाबूत राहिलं, तरच. ती तिनं मराठीत भरली होती. ‘वाचले!’

ती हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पुस्तक वाचत बसलो होतो. मी इकडून विचारलं, ‘काय वाचलंस गं?’

‘बाबा, मी वाचले!’

‘हो, पण काय?’

तिकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती दाराशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘मी. वाचले. जिवंत आहे. पुस्तकाचं नाही सांगून राहिले मी!’ मग मान हलवून परत गेली. पुढं तिनं ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली, की आमच्या बाबांना जीव वाचवण्याचं क्रियापद ठाऊकच नाही.

तेराव्यानंतर तीन-चार दिवसांनी तिचा फोन वाजला. तो आम्ही रोज चार्जिंगला लावत होतो, का ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पडद्यावर ‘दुबे सिहोरा’.

‘दीदी, कहाँ गायब हैं आप? हलवाई के बिना हम लोग रोज पिट रहे हैं!’

‘मैं उसका पिताजी बोल रहा हूँ,’ मी म्हणालो.

‘अच्छा, बाबूजी, प्रणाम. दीदी को जरा फोन दीजिए ना.’

‘वो नहीं है.’

‘अच्छा अच्छा, बाहर गई हैं. तो बोल दीजिएगा कि...’

‘नहीं,’ मी म्हणालो. ‘है ही नहीं.’

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, तो हिंदीतून. आमचे कुणी पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत लिखापढी करायला इकडे आले आणि परत गेले नाहीत. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी आमची वहिवाट. स्वप्नंही मला बहुधा हिंदीत पडतात. पण त्या दिवशी मला ते एक वाक्य नीट जुळवता येईना. फोनमध्ये मागे दुबेजींच्या दुकानात कुणीतरी बियाण्याचा भाव विचारत होतं.

मटार निघाला तेव्हा ते स्वतः पोतं घेऊन आले. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. इराला त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. तिच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि आधी हेच म्हणाले, ‘ऐसी दिखती थीं?’ मग चहा घेता घेता, चाचरत, त्यांनी सांगितलं. खेळाचा नवा सीझन सुरू झाला होता. तीन महिने चालणार. त्या मुदतीत जे यंत्र पंधरा डावांतून शाबूत परत येणार नाही, ते भंगारात जातं. नाव पुसलं जातं. भरलेल्या हाकाही.

‘आप कहें तो हम चला दें, बाबूजी. पंद्रह तो हम हफ्ते भर में कर देंगे.’

मी नाही म्हणालो. आवाज चढवून म्हणालो बहुतेक, कारण सुनंदानं आतून डोकावून पाहिलं. त्यांनी खेळून हळूबाई वाचली असती, तर ती ‘वाचले’ सिहोऱ्यात म्हणाली असती, बियाण्यांच्या दुकानात. तेवढा मोठा मी नव्हतो.

कुणी म्हणेल, तो आवाज एकदा फोनवर उतरवून घ्यायचा आणि सुटायचं. उतरवला होता. दुबेजींकडे एका जुन्या डावाचं चित्रण होतं, त्यातून त्यांनी तेवढाच शब्द तोडून पाठवला. मी तो एका दुपारी चाळीस वेळा वाजवला. चाळिसाव्या वेळी ते एक यंत्र होतं आणि बटण माझ्या हातात होतं. मला ऐकायचं होतं ते तिनं म्हणायला हवं होतं. काहीतरी घडावं, ती त्यातून सुटावी, आणि मग तिनं म्हणावं. म्हणेल की नाही हे मला आधी ठाऊक नसावं. शहाण्या माणसाला हे पटणार नाही. त्या दिवसांत मी शहाणा नव्हतो.

तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीत बसून पहिल्या डावात मी पाऊण मिनिटात खलास झालो. दुसऱ्यात त्याहून लवकर. मी सरळ चालत होतो, जसा रस्त्यानं चालतो तसा. हळूबाईला चहूबाजूंनी आग लागायची, पडदा लाल व्हायचा, मग काळा, आणि काळ्या पडद्यावर तिचं नाव यायचं, त्यावर आडवी रेघ. पहिल्या दहा दिवसांत मी तिला सव्वीस वेळा मारलं. हे आकडे माझ्याजवळ आहेत कारण मी वही केली होती. मास्तराला दुसरं काय सुचणार?

दुबेजी दुपारी दोन ते चार, दुकानात गिऱ्हाईक नसताना, कानाशी येत. टोळीतले बाकीचे दोघं कोण कुठले मला शेवटपर्यंत कळलं नाही, ते बोलत नसत. दुबेजी मात्र दोघांचंही बोलून घेत.

‘बाबूजी, आप बारात में चल रहे हैं क्या? थोड़ा टेढ़ा चलिए!’

‘टेढ़ा किधर?’

‘किधर भी! बस सामनेवाले को पता न चले किधर.’

त्यांनी मला आधी तोफा विसरायला लावल्या. ‘मारना छोड़ दीजिए. मारने का काम हमारा. आप बस मार मत खाइए.’ मग कोपरा शिकवला. भिंतीआडून डोकावायचं, एकदाच, आणि जिथून दिसलो तिथून पुन्हा डोकावायचं नाही. दिसलेली जागा सोडायची. हे मला सगळ्यांत जड गेलं. मी एकदा ज्या भिंतीआड वाचलो, तिथेच परत परत जाऊन उभा राहायचो आणि तिथेच मरायचो. ‘वो दीवार आपकी ससुराल है?’ दुबेजी ओरडायचे. मग जड यंत्राचं वजन शिकवलं. हलकी यंत्रं गोळा येताना पाहून उडी मारतात. हळूबाईला ते जमत नाही. ती वळायला घेते आणि तीन सेकंदांनी वळते. म्हणून तिनं गोळा सुटण्याआधीच निघायला हवं. भीती वाटायच्या आधी घाबरायचं, असं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सर्वांत अखेर धड. या यंत्रांचे पाय एकीकडे चालतात आणि कमरेवरचा भाग दुसरीकडे वळतो. हातातल्या कंट्रोलरवर दोन दांड्या: डाव्या अंगठ्यानं पाय, उजव्यानं धड. पळताना पाठ द्यायची नाही, पाय पळू द्यायचे आणि धड फिरवत राहायचं. कारण मार चुकत नाही. दुबेजींच्या बोलण्यात हे ओघात आलं, पण मी थांबून ते पुन्हा म्हणायला लावलं. ‘मार तो पड़ेगी, बाबूजी. भारी गाड़ी है, पूरा बच ही नहीं सकती. बस एक जगह मत खाइए. थोड़ा बायाँ कंधा दीजिए, थोड़ा दायाँ. थोड़ा हाथ पे लीजिए. एक ही जगह खाएँगे तो दो मिनट में छेद हो जाएगा.’

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. बाहेर अंगणात सुनंदा मटार सोलत होती. दोन माणसांना पुढची दोन वर्षं पुरेल एवढा मटार तिनं त्या हिवाळ्यात सोलला, वाफवला, गोठवला. शेजारणी बोलवायच्या, ती जायची नाही. मी पाहिलं, ती मार एकाच जागी घेत होती. आणि मी कुठे घेत होतो हे मला दिसत नव्हतं.

त्या महिन्यात मी रस्त्यानंही तसाच चाललो असेन. ओमतीत कंट्रोलरची दांडी बदलून घ्यायला गेलो, तर पाय दुकानाच्या पायऱ्या चढत होते आणि मान मागे वळलेली, कारण रस्त्यावरून तिच्या रंगाची स्कूटर गेली होती. दुकानदार म्हणाला, ‘सर, पोते के लिए है?’ मी हो म्हणालो. मग तो नातवाच्या वयाची, शाळेची चौकशी करत राहिला आणि मी एक सबंध नातू रचून त्याच्या हवाली केला. दुसरीतला. गणितात हुशार. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

सत्ताविसाव्या डावात मी वाचलो. कसं ते कळलंच नाही. एका पडक्या पुलाखाली उभा होतो, सरकत होतो, थांबत होतो, खांदा देत होतो, आणि घड्याळ संपलं. पडदा पांढरा झाला. आणि ती म्हणाली.

त्या दिवशी हेडफोन लावायचा राहिला होता, आवाज स्पीकरवर होता. तो घरभर गेला. अंगणात पितळी परात उपडी पडली. सुनंदा दाराशी आली. पदराला, हातांना हिरवं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, खोलीत पाहिलं, पलंगावर, कपाटामागे. मग पडद्याकडे.

‘हे काय लावलं तुम्ही?’

मी सांगितलं. पंधरा डाव, तीन महिने, भंगार, सगळं. ती ऐकत होती की नव्हती.

‘काहून करून राहिले हे? रोज मारता तिला. रोज. आणि एखाद्या दिवशी वाचवता. अन्‌ मग मी काय समजू?’

‘मला तिचा आवाज राहायला हवा आहे.’

‘मला नाही ऐकवत,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला ऐकवतो, हेच मला कळत नाही.’

दुसऱ्या दिवसापासून मी हेडफोन न चुकता लावला. तेव्हापासून इरा फक्त माझ्या कानात वाचू लागली. चार, पाच, आठ. प्रत्येक वेळी मी पाठ दाराकडे करून बसायचो, चोरून गोड खाणाऱ्यासारखा. अंगणात बसलेल्या सुनंदाचाही त्या आवाजावर अर्धा हक्क आहे हे मला समजत होतं, आणि ती तो मागत नाही म्हणून मला सुटल्यासारखंही वाटत होतं.

दहावं वाचणं हुकलं त्याची गोष्ट वेगळी. आम्ही चौघंही टिकलो होतो, दीड मिनिट उरलं होतं. मी पाण्याच्या टाकीआड. डावीकडून दोघं येत होते. दुबेजी कानात ओरडले, ‘बाबूजी, दायाँ खाली! दायाँ खाली है, खाली!’

मी बसलो. म्हणजे मी कळ दाबून हळूबाईला गुडघ्यांवर बसवलं. जड यंत्र बसायला तीन सेकंद आणि उठायला पाच. ती बसल्या जागी फुटली.

‘अरे, बैठ काहे गए?’

‘आपने खाली बोला ना.’

‘खाली मतलब खाली, बाबूजी! रास्ता खाली था! निकल जाते!’

अख्खा जन्म हिंदीत गेलेल्या माणसाला ‘खाली’चा अर्थ ठाऊक नसतो असं नाही. पण जीव घाबरला की कान घरी पळतो, आणि घरी खाली म्हणजे खाली. दुबेजी हसत होते. मग हसू आवरून म्हणाले, ‘चलो, कोई बात नहीं. आपकी तरफ क्या बोलते हैं, जब कोई जगह खाली हो?’ मी म्हणालो, रिकामं. ‘रिकामा,’ ते म्हणाले. दोनदा घोकलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ते मला ‘दायाँ रिकामा’ असंच सांगत आले.

त्यांना मी हे सांगू शकलो नाही, की ही चूक माझ्याकडून दुसऱ्यांदा झाली होती.

इराच्या तापाच्या सहाव्या दिवशी, हॉस्पिटलात, मी रक्ताचा कागद घेऊन चौथ्या मजल्यावर आलो. अतिदक्षता विभागाचं दार अर्धवट उघडं. आतून एक माणूस चादरींची गाडी ढकलत बाहेर आला. मी विचारलं, ‘भैया, ग्यारह नंबर?’ तो जाता जाता म्हणाला, ‘ग्यारह? ग्यारह तो खाली है.’

मी जिन्यानं खाली धावलो. लिफ्टसाठीही थांबलो नाही. तिला खाली नेलं आहे, म्हणजे कसलीतरी तपासणी असणार; हलवण्याइतकी बरी आहे, म्हणजे ताप उतरला असणार. चार मजले उतरताना मी एकेका पायरीवर तिला बरी करत गेलो. तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीत पाहिलं. बाकांवर पाहिलं. औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडाकडे पाहिलं. खिडकीतल्या माणसाला नाव सांगितलं, त्यानं वही उलटली, ‘यहाँ तो कोई नहीं आया, अंकल.’ पंधरा मिनिटं मी मुलीला खाली शोधत होतो. त्या पंधरा मिनिटांत सुनंदा वर, ज्या बाजूच्या खोलीत इराला हलवलं होतं तिथे, एकटी तिच्याजवळ उभी होती.

‘कुठे होते तुम्ही?’ तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, औषधं.

पंधरावा डाव सीझन संपायला दोन दिवस उरले असताना मिळाला. हळूबाई राहिली. मला वाटलं होतं, मग काहीतरी सैल होईल. काही झालं नाही. पुढचा सीझन लगेच सुरू झाला आणि मी पहिल्यापासून मोजायला लागलो. उन्हाळा, पाऊस. वर्षश्राद्धाच्या दिवशीही मी दुपारी एक डाव खेळलो. माझ्या डाव्या अंगठ्याला संधिवात आहे. डॉक्टर म्हणाले, असाच वापरलात तर दोन-तीन वर्षं. मी हिशेब केला: दोन-तीन वर्षं म्हणजे आठ ते बारा सीझन. मुलीचं आयुष्य आता माझ्या एका बोटाच्या सांध्यावर होतं, आणि बोट म्हातारं होत होतं.

यंदाचं पोतं आलं त्याच संध्याकाळी दुबेजींचा फोन आला. मटार गोड निघाला का, हे दोनदा विचारलं. मग म्हणाले, ‘बाबूजी, एक बात है. ये खेल बंद हो रहा है. कंपनी बंद कर रही है. इतवार तक.’

‘सीझन?’

‘नहीं. पूरा.’

मी विचारलं, पंधरा डाव इतवारच्या आत झाले तर? ते म्हणाले, पन्नास झाले तरी. मी विचारलं, कुणाला लिहिता येईल का, विनंती करता येईल का? ते म्हणाले, हमने लिखा है बाबूजी, आपसे पहले. मग त्यांचा आवाज फुटला, आणि मला त्यांचीच समजूत घालावी लागली.

दोन दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. मार चुकवायचं सगळं मला आता येत होतं. कोपरा, वजन, धड, खांदा. आणि चुकवायला आडोसाच नव्हता; सगळं शहरच जाणार होतं. रविवारी सकाळी मी सुनंदाशेजारी जाऊन बसलो, तिच्या परातीत हात घातला, आणि सोलता सोलता सांगितलं. आधी खेळ बंद होतोय ते. मग, न ठरवता, दुसरंही. चादरींची गाडी, ‘खाली’, चार मजले, एक्स-रेची खोली. तिच्याकडे न पाहता सांगितलं. संपलं तेव्हा माझ्या हातातल्या शेंगेचा चुरा झाला होता.

ती खूप वेळ सोलत राहिली.

‘मग तेवढा वेळ तुमच्याजवळ ती होती,’ सुनंदा म्हणाली. ‘पंधरा मिनिटं जास्त. मला तेवढीही नाही मिळाली.’

मी हातातला चुरा परातीबाहेर झटकला.

उठताना तिनं परात कमरेवर घेतली. ‘शेवटचं आहे नं आज? मग ते कानाचं काढून खेळा.’

बारा वाजता मी बसलो. रविवारचा बाजार असूनही दुबेजींनी दुकान उघडलं नव्हतं. ते घरून बोलत होते, मागे त्यांच्या मुलांचा गोंगाट. ‘चलिए, बाबूजी. हलवाई को घुमा लाएँ.’ डाव त्याच ओसाड शहरात. पहिल्या पाच मिनिटांत आमचे ते दोन अबोल गेले. आठव्या मिनिटाला दुबेजी गेले. यंत्र फुटलं तरी आवाज राहतो, तो माझ्या खोलीत घुमत होता. ‘पीछे... पीछे से... बायाँ कंधा दीजिए. दिया? शाबाश. अब निकलिए वहाँ से. निकलिए!’ मी निघालो. डावा खांदा गेला. मी उजवा दिला. उजवा हात गेला. मी पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे असा एका उघड्या चौकातून तिरपा सरकलो, थांबलो, सरकलो. समोरचे अजून तिघं होते. माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं, देण्यासारखा एकही भाग. डाव्या अंगठ्यात सुई गेल्यासारखी कळ येत होती आणि मी मोठ्यानं ‘नाही, नाही’ म्हणत होतो, हे मला दुबेजींनी नंतर सांगितलं. घड्याळात चार. तीन. एक गोळा सुटलेला मी पाहिला. मी त्याआधीच निघालेलो होतो.

पडदा पांढरा झाला.

‘वाचले!’

उघड्या घरात तो आवाज इराच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत गेला.

‘मग ये लवकर, वाढून राहिले,’ सुनंदा आतून म्हणाली.

नंतर कुठेच काही वाजलं नाही. पळी नाही, भांडं नाही. दुबेजींकडची मुलंही गप्प झाली होती. त्यांनी तिथून ऐकलं असणार. मी खुर्चीत होतो आणि ती ओट्याशी उभी होती, आणि मधल्या वाटेनं कुणी येत नव्हतं. भाताची वाफ आमच्या दोघांच्या मध्ये दारात तरंगत होती.

मी उठलो, हात धुतले आणि पाटावर जाऊन बसलो. ‘वाढ,’ मी म्हणालो.